रंगाचं वजन

सात पावलं. सहा नाही, आठ नाही. ब्रश कानावर अडकवून, डावा डोळा मिटून, भिंतीकडे तोंड ठेवून चाचा उलटे चालत मागे यायचे. पाठीमागे काय आहे हे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. पुसदच्या त्या रस्त्यावर सगळ्यांना ते माहीत होतं. सायकलवाला वळसा घालायचा, हातगाडी थांबायची. गाय मात्र थांबायची नाही. मग कोणीतरी ओरडायचं, "चाचा, गाय!" आणि चाचा म्हणायचे, "तिले सांग, पेंटर मागं येऊन राह्यला म्हणा."

एकदा ओरडायला कोणी नव्हतं आणि त्यांची टाच भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत गेली. मावशी कडाडल्या, "ओ चाचा, माह्या टमाट्यात भिंत दिसून राह्यली का तुमाले?" चाचांनी मिटलेला डोळा उघडलाच नाही. म्हणाले, "टमाटे गेले बाई, पण 'ळ' सुधरला." आणि पुढे जाऊन त्यांनी 'ळ'चं पोट थोडं बारीक केलं. मग येऊन टमाटे वेचू लागले. वेचताना कच्चे आणि पिकले एकत्रच टाकले, म्हणून मावशी पुन्हा ओरडल्या. मी तेव्हा हसले होते. आज ते आठवतं तेव्हा हसू येत नाही.

तुमच्याही गावात असा एखादा पेंटर असेल, नाहीतर होऊन गेला असेल. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरची नावं, गणपती मंडळाचा फलक, आमच्या विहाराची कमान, सगळं एकाच हातचं. त्याचं नाव कोणी विचारत नाही. आम्हीही चाचाच म्हणत होतो, म्हणून इथेही चाचाच लिहिते.

त्यांच्याकडे मी पोचले ती पाटीसाठी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. निकाल लागला त्या दिवशी बाबा जिनिंगमधून अर्ध्या दिवसात घरी आले. तशीही ती वर्षं कापसाची वाईटच होती. जिनिंग अर्धा हंगाम बंदच असायची. बाबा म्हणाले, "दारावर पाटी पाह्यजे. नावाम्होरं बी.ए. पाह्यजे." आई म्हणाली, "पाटी कुठं लावता? दाराची फळी निखळून राह्यली." बाबा म्हणाले, "फळीवर ठोकू, म्हंजे फळी बी पक्की होईन."

चाचांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं माझं नाव लिहून दाखवलं. अक्षरं मध्यभागी आणि चारी बाजूंना मोकळं. मला ते पटलं नाही. मी बी.ए. झाले होते, जरा मोठं दिसायला नको?

"चाचा, केवढी जागा वाया गेली."

"वाया नाई गेली बेटा. कामाले लागली."

त्यांनी फडक्यानं पुसलं आणि माझ्या मनासारखं, काठापासून काठापर्यंत लिहिलं. मग म्हणाले, "जा, सात पावलं मागं." मी रस्त्यात जाऊन उभी राहिले. माझंच नाव, पण काळीपिवळी जीपमध्ये कोंबलेल्या सवाऱ्यांसारखं दिसत होतं. 'बी.ए.' तर अर्धं बाहेर लटकल्यासारखं.

"असं काहून दिसते?" मी विचारलं.

"ते एका दिवसात सांगता नाई येत. इकडून गेली का पाह्यत जाय."

मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मला नोकरी नव्हती. ठिकठिकाणी अर्ज टाकून झाले होते. चित्रकला शिक्षकाची पदविका करायची असं डोक्यात येत होतं, पण हातात तर काही नव्हतं, सरळ रेघसुद्धा नाही. महिनाभरानं चाचांनी विचारलं, "रोज येऊन राह्यली, कायले?" मी म्हणाले, "ते 'काहून' अजून समजलं नाई म्हणून." त्यांनी हातात खडूची दोरी दिली. "धर एक टोक."

खडू चोळलेली दोरी ताणून मधोमध उचलायची आणि सोडायची. टच आवाज होतो आणि भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटते. बावीस वर्षांच्या वयात मला त्या आवाजाचा असा आनंद झाला की मी एकाच भिंतीवर विनाकारण अकरा रेघा मारल्या. चाचा म्हणाले, "वही झाली आता. लिही धडा."

शिकणं असंच चाललं. चाचांनी समोर बसवून काही सांगितलं असं आठवत नाही. मी प्रश्न विचारायची, ते अर्धं उत्तर द्यायचे आणि उरलेलं भिंतीवर सोडायचे.

त्या वर्षांत कापसाच्या बियाण्यांच्या जाहिरातींचं पेव फुटलं होतं. शेतात अळी होती, भाव पडले होते आणि गावोगावच्या भिंतींवर मात्र डोक्याएवढी बोंडं फुललेली. चाचा स्वतःच हसायचे, "वावरात बोंड नाई, माह्या भिंतीवर पाह्य कसे लदबदून राह्यले." महागावच्या रस्त्यावरच्या एका भिंतीवर मी पहिल्यांदा बोंड काढायला घेतलं. पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, तर चाचांनी मनगट धरलं.

"हे काय करून राह्यली?"

"कापूस काढते."

"कापूस काढायचा नसते बेटा, सोडायचा असते. चुना काय कमी पांढरा हाय? तू फक्त आजूबाजूचं भर. देठ भर, पानं भर, सावली भर. जे उरन तो कापूस."

मी भरत गेले. पानं झाली, सावली झाली आणि मधे, जिथे मी हातही लावला नव्हता, तिथे कापूस फुटला. मी किती वेळ पाहत राहिले कुणास ठाऊक. माझी आई आयुष्यभर कापूस वेचत आली. घरी जाऊन तिला सांगितलं, "आई, मी आज न काढता कापूस काढला." आई म्हणाली, "मंग मजुरी बी न देता देतीन ते."

रंगांचं मात्र त्यांचं वेगळंच होतं. आपण म्हणतो हा रंग छान, हा भडक, हा उदास. चाचा म्हणायचे, "वजन पाह्य." पिवळा हलका, निळा जड, काळा सगळ्यात जड. पाटीच्या एका बाजूला जड रंग बसला तर दुसरीकडे हलका जास्त घालायचा, म्हणजे पाटी कलत नाही. मला ते इतकं पटलं की मी घरातल्या गोधड्यांचीसुद्धा वजनं करायला लागले. पण एकदा मी विचारलं, "लालचं वजन किती, हिरव्याचं किती?"

"दोघाचं सारखंच."

"सारखं कसं? लाल तर केवढा उठून दिसतो."

"सारखंच," ते म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले.

त्यांचा एक नियमही होता. लाल आणि हिरवा शेजारी ठेवायचा नाही. मधे पांढऱ्याची नाहीतर पिवळ्याची पट्टी हवीच. "दोघं भांडते," एवढंच सांगायचे. गावात लोक ती पट्टी पाहून ओळखायचे, ही पाटी चाचांची. पदविकेच्या तयारीसाठी मी एक पुस्तक आणलं होतं, त्यात रंगांचं चक्र होतं आणि लाल बरोबर हिरव्याच्या समोर. मी मोठ्या उत्साहानं दाखवलं, "चाचा, पुस्तक तर म्हणते हे जोडीदार हायेत." चाचांनी पुस्तक हातात घेतलं, चक्र उलटंसुलटं फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "पुस्तकातलं चाक पुस्तकात फिरते. भिंतीवर माहंच फिरन."

मला वाटलं, जुना माणूस आहे, हट्टी आहे. बी.ए. झालेल्या माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

दुसरा नियम डब्यांचा. "माह्या डब्याले हात नाई लावायचा." सगळे डबे एकाच मापाचे, जुने, वरून इतका रंग ओघळलेला की मूळचं लेबल कुठेच शिल्लक नव्हतं. मी ब्रश धुवायची, खडू कुटायची, शिडी धरायची. डबे तेच उघडायचे, तेच बंद करायचे.

एका जुलैत चाचा तीन दिवसांसाठी बहिणीकडे नांदेडला गेले आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली. मी ठरवलं, परत येतील तेव्हा दुकान चकाचक दिसलं पाहिजे. फळ्या पुसल्या, जाळी काढली. डब्यांची झाकणं वाळलेल्या रंगानं घट्ट झाली होती, ती सगळी काढून रॉकेलमध्ये बुडवली, घासली. झाकणांच्या कडेला चरे होते. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. पेचकसनं उघडताना पडले असतील, असं म्हणून मी ती पुसून जिथे बसतील तिथे बसवली. सगळी सगळ्यांना बसत होती. आले तेव्हा चाचा म्हणाले, "काय व, लग्न हाय का दुकानात?" मी खुश झाले.

पुढच्याच आठवड्यात महागावकडच्या एका गावाचं काम आलं. पहिल्या फवारणीच्या आधी बाजाराच्या भिंतीवर औषधांच्या डब्यावरच्या खुणा समजावून लिहायच्या होत्या. तुम्ही पाहिल्या असतील. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. ज्याला वाचता येत नाही त्यानं रंग पाहावा, एवढ्यासाठी ती भिंत. त्या वर्षांत फवारता फवारता माणसं वावरातच पडायची. आमच्या वस्तीतला एकजण दवाखान्यातून आला तो महिनाभर दिव्याकडे पाहू शकत नव्हता.

पावसानं उघाड दिली होती. सकाळी चौकोन आखले. चाचांनी रंग भरायला घेतला आणि मला भिंतीच्या वळणापलीकडे सूचना लिहायला पाठवलं. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, अशा सूचना. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि कृषी सहायक चारला पाहायला येणार होते. तीनच्या सुमारास माझं झालं आणि मी वळणावरून इकडे आले.

चाचा सात पावलं मागे येऊन उभे होते. डावा डोळा मिटलेला. चेहऱ्यावर काम जमल्याचं समाधान.

'सर्वांत विषारी' या अक्षरांशेजारी हिरवागार रंग चमकत होता. आणि खाली, जिथे 'कमी विषारी' होतं, तिथे लाल.

"वजन बरोबर हाय ना बेटा?"

मला आधी वाटलं थट्टा करत आहेत. मग त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. टमाट्यांची टोपली, पुस्तकातलं चाक, मधली पांढरी पट्टी, सगळं एकदमच आठवलं. झाकणंसुद्धा.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "चाचा, उलटं झालं. लालच्या जागी हिरवा हाय."

ते हसले. मग हसू थांबलं. खाली बसून त्यांनी डब्याचं झाकण उचललं आणि कडेवरून अंगठा फिरवला. एक चरा. दुसरं उचललं. दोन चरे. दोन्ही झाकणं त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"झाकणं कोणं बदलली?"

"मी. धुवायला काढली होती."

"एक म्हंजे लाल, दोन म्हंजे हिरवा. तुह्या चाचीनं पाडल्या या खुणा, अडकित्त्यानं. तिच्याबिगर कोणाले मालूम नोतं." मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "मले दोन्ही मातीसारखे दिसते बेटा. लहानपणापासून."

चाची जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षं हा माणूस अंगठ्यानं लाल ओळखत होता, आणि मी त्याची लिपी रॉकेलनं घासून उलटसुलट करून ठेवली होती.

रंग ओला होता, पुसता येत होता. पण तोवर पाचसहा माणसं जमली होती, "हिरवा, हिरवा" अशी कुजबुज चालली होती. एका उंच माणसाच्या पाठीवर फवाऱ्याचा पंप होता, दुरुस्तीला घेऊन निघाला असावा. त्यानं भिंत पाहिली आणि मोठ्यानं म्हणाला, "काय हो पेंटर! जहराले हिरवा रंग? आम्हाले माराले आले का?" सगळे हसले. चाचांनी मान खाली घातली. पुसद ते महागाव एवढंच त्यांचं जग. ही गोष्ट त्या रस्त्यानं पसरली की आंधळा पेंटर म्हणून कोणी पाटीसुद्धा दिली नसती.

मी पुढे झाले. "मी भरला. माही चूक हाय. नवीन हाय मी."

"शिकली नाई का पोरी?"

"बी.ए. झाली," मी म्हणाले.

मग तर हशा आवरेना. "बी.ए. झाली न् लाल-हिरवा समजत नाई! मास्तरायनं काय शिकवलं व तुले?" ज्या दोन अक्षरांसाठी बाबांनी निखळलेल्या फळीवर पाटी ठोकली होती, ती दोन अक्षरं माणसं हसण्यासाठी वापरत होती. मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि पुसायला लागले. कोणाकडे पाहिलं नाही. हिरवा पुसला, लाल पुसला, कोरड्या फडक्यानं कोरडं केलं. मग लाल डबा माझ्या हातानं उघडला आणि माझ्या डोळ्यांनी पाहून वरचा चौकोन भरला. खालचा हिरव्यानं भरला.

चारला कृषी सहायक आले, पाहून म्हणाले, छान. माणसं अजून रेंगाळत होती. तेवढ्यात चाचा उठले. मला वाटलं सामान आवरतील. त्यांनी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि हिरव्या चौकोनाखाली, जिथे आम्ही मोकळी जागा सोडली होती, तिथे आखणी न करता, दोरी न मारता लिहायला सुरुवात केली. एकेक अक्षर येत गेलं.

रंग ओळखू येत नसल्यास दुसऱ्याला विचारा. विचारण्यात लाज नाही.

कृषी सहायक म्हणाले, "हे मजकुरात नव्हतं."

चाचा वळले. "नोतं साहेब. माह्याकडून हाय. ह्या पोरीनं चूक नाई केली. तो रंग म्या भरलता. मले लाल न् हिरवा कळत नाई." आवाज मोठा नव्हता, पण बाजाराच्या टिनाच्या छपराखाली सगळ्यांना ऐकू गेला. कोणी हसलं नाही. चाचा पुढे म्हणाले, "मले नाई कळत, तं या गावात बी कोणाले नसन कळत. तो डबा पाहून काय समजन? म्हून लिहलं."

साहेबांनी भिंत पुन्हा वाचली आणि म्हणाले, "राहू द्या."

आम्ही शिडी बांधत होतो. माणसं पांगली होती. तो पंपवाला उंच माणूस मात्र गेला नव्हता. जवळ आला, पंप खाली ठेवला आणि चाचांच्या शेजारी उकिडवा बसला.

"चाचा, तुमाले पिकली मिरची न् कच्ची मिरची सारखीच दिसते का?"

"सारखीच."

त्यानं पंपाचा पट्टा गुंडाळला. मग म्हणाला, "मले बी." आणि थोड्या वेळानं, "घरी नाई सांगतलं कधी. मघाशी तं लोकं म्हणाले हिरवा, म्हून म्या बी म्हटलं." चाचांनी खिशातला खिळा काढला, शेजारचं एक सुटं झाकण घेतलं आणि त्याला चरा कसा पाडायचा ते दाखवायला लागले. "घरच्या बाईले सांग. डबा आणला का आधी तिनं पाह्यचा, खूण करायची, मंग तुह्या हातात. हिरवा म्हंजे पाणी नोय, तोंडाले फडकं तरीबी बांधायचं." दोन मोठे पुरुष एका झाकणावर वाकून बसले होते आणि अंगठ्यानं चरे मोजत होते. मी शिडीची गाठ तीन वेळा सोडून तीन वेळा बांधली, कारण मला तिथून हलायचं नव्हतं.

पुसदला परत येताना गाडीत चाचा डब्यांच्या झाकणांवरून अंगठा फिरवत होते. उतरताना म्हणाले, "कायले खोटं बोलली?"

"तुमचं काम जाईन म्हणून."

"अन् तुहं बी.ए. गेलं असतं त?"

"ते कोणाच्यानं नेता येत नाई," मी म्हणाले. ते खळखळून हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

गोष्ट पसरली. दोन दुकानदारांनी दिलेलं काम काढून घेतलं. चाचा आठ दिवस दुकानात बसून नुसते ब्रश धूत राहिले. नवव्या दिवशी नेहमीच्या रस्त्यावर, सलूनची पाटी रंगवताना, ते सात पावलं मागे आले, डावा डोळा मिटला आणि जाणाऱ्या सायकलवाल्याला थांबवून विचारलं, "भाऊ, हा लालच हाय ना?" सायकलवाला गोंधळला. "हाव चाचा. लालच हाय." मग ते रोजचंच झालं. भाजीवाल्या मावशी टोपलीवरून न उठता सांगायच्या, "हिरवा हाय वो, भेंडीसारखा." शाळेतून येणाऱ्या मुली स्वतःहून ओरडायच्या, "लाल, चाचा, लाल!" गेलेल्या दोघांपैकी एक दुकानदार परत आला आणि आपल्या पाटीसमोर स्वतः खुर्ची टाकून बसला, रंग सांगायला. मधली पांढरी पट्टी मात्र चाचांनी शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणाले, आता ती सवय झाली.

मी पदविकेला गेले. लाल-हिरव्याच्या चक्राचा तास आला तेव्हा सर विचारत होते ते मला सगळं येत होतं, आणि त्यांनी न विचारलेलंही थोडं येत होतं. सुट्टीत आले की दुकानात जायची. नंतर एका सुट्टीत आले तेव्हा दुकानाला कुलूप होतं. चाचा हिवाळ्यात गेले, झोपेतच, असं मावशींनी सांगितलं.

आता मी एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवते. मागच्या महिन्यात शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली. कापूस सोडला, पानं भरली, एका कोपऱ्यात लाल फूल काढलं. ब्रश कानावर लावला आणि मागे न पाहता सात पावलं मागे आले. माझ्या डोळ्यांना लाल लालच दिसतो, काही दोष नाही. तरी रस्त्यानं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, तिला मी थांबवलं.

"बाई, हा लालच हाय ना?"

तिनं भाऱ्याखालून मान तिरपी करून पाहिलं.

"हाव मॅडम," ती म्हणाली. "लालच हाय."

मग मी पुढे जाऊन फुलाची उरलेली पाकळी भरली.